सैनिकाच्या दप्तरांतील चूक कोणीं दुरुस्त करावी?

पेढीवर रक्कम भरून पावती घेतली, रोजकीर्दींत ती जमाही झाली, परंतु खतावणींत उतरविण्याचें कारकुनाकडून राहून गेलें, तर दोष कोणाचा, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. पेढीनें आपली वही आपणच तपासावी, चूक सांपडतांच ती दुरुस्त करावी व खातेदाराची क्षमा मागावी, हा बाजारपेठेचा रिवाज आहे. वीस वर्षांनीं खातेदारानेंच साक्षीदार गोळा करून पैसे भरल्याचें शाबीत करावें, असें म्हणणाऱ्या पेढीवर दुसऱ्या दिवशीं कोणी पाय ठेवणार नाहीं. परंतु सामान्य दुकानदारास जो न्याय कळतो तो राज्यकर्त्यांस आपल्या सैनिकांच्या बाबतींत कळत नाहीं, असें मोठ्या खेदानें म्हणावें लागतें. कागदपत्रांच्या व्यवस्थेबद्दल जगांत नांवाजलेल्या अमेरिकेची यासंबंधींची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम ही व्यवस्था कशी आहे तें पाहूं. एखाद्या शिपायास पदक द्यावयाचें ठरलें म्हणजे तसा लेखी हुकूम निघतो. ती झाली रोजकीर्द. त्या हुकुमावरून शिपायाच्या स्वतंत्र दप्तरांत नोंद व्हावयाची, ती खतावणी. आणि शिपाई नोकरींतून मोकळा होतांना त्या दप्तराचा सारांश एका दाखल्यावर उतरून त्याच्या हातीं द्यावयाचा. १९५० सालापासून या दाखल्यास तेथें डी. डी. २१४ असें रुक्ष नांव आहे. नांव रुक्ष असलें तरी त्या एका दाखल्याचें महत्त्व फार आहे. माजी शिपायास मिळणारें वैद्यकीय साहाय्य, दुखापतीबद्दलचें वेतन, नोकरींतील अग्रहक्क, मरणोत्तर लष्करी मानवंदना, या सर्वांसाठीं प्रथम तोच पुढें करावा लागतो. त्यावर जखमेची नोंद नसेल तर अंगावरील व्रण दाखवूनही कचेरींतील कारकुनाचें समाधान होत नाहीं. तेव्हां पदकांचा हा प्रश्न म्हणजे केवळ छातीवरील रंगीत फितीची हौस, असें जे समजतात त्यांनीं आपला समज दुरुस्त करून घ्यावा हें बरें.

या व्यवस्थेंत चूक किती निर्दयपणें टिकून राहते याचें उदाहरण म्हणून हेन्री जॉन्सन या शिपायाची कथा सांगण्यासारखी आहे. हा कृष्णवर्णीय तरुण न्यूयॉर्क संस्थानांतील ऑल्बनी शहरीं रेल्वे स्टेशनावर हमाली करीत असे. पहिल्या महायुद्धांत तो न्यूयॉर्कच्या ज्या पलटणींत दाखल झाला तीच पुढें ३६९ वी पायदळ पलटण म्हणून प्रसिद्धीस आली. गोऱ्या शिपायांच्या खांद्यास खांदा लावून काळ्यांनीं लढावें हें अमेरिकन लष्करास रुचेना. म्हणून ही पलटण फ्रेंचांच्या हवालीं करण्यांत आली. १९१८ च्या मे महिन्याच्या मध्यांत, आर्गोनच्या अरण्याच्या कडेला, जॉन्सन व नीडहॅम रॉबर्ट्स हे दोघे रात्रीं पुढच्या चौकीवर पहारा करीत असतां जर्मनांच्या एका टोळीनें त्यांजवर छापा घातला. रॉबर्ट्स जबर जखमी झाला. जॉन्सनची बंदूक फ्रेंच आणि काडतूस अमेरिकन, ती अडली. तेव्हां त्यानें दस्त्यानें झोडपण्यास आरंभ केला, व तोही मोडल्यावर कमरेचा जड सुरा उपसून तो शत्रूंच्या अंगावर धांवून गेला. रॉबर्ट्सला कैद करून नेण्याचा शत्रूचा बेत त्यानें धुळीस मिळविला. त्याच्या अंगावर २१ जखमा झाल्या होत्या असें सांगतात.

फ्रेंच सरकारनें या दोघांस ‘क्रुआ द गेर’ हें पदक लागलींच दिलें. जॉन्सनच्या पदकावर तर सुवर्णपर्णाचें विशेष चिन्ह होतें. १९१९ च्या फेब्रुवारींत ही पलटण न्यूयॉर्कच्या राजरस्त्यावरून मिरवत गेली, तेव्हां लोकांनीं जॉन्सनचा जयजयकार केला. युद्धासाठीं निधि गोळा करणाऱ्यांनीं त्याच्या नांवाचा उपयोग करून घेतला. एवढें होऊनही जो सेवामुक्तीचा कागद त्याच्या हातीं पडला त्यांत त्याच्या जखमांचा उल्लेख नव्हता! ज्या राष्ट्राच्या वर्तमानपत्रांनीं त्या जखमांचें वर्णन रकानेच्या रकाने भरून केलें त्याच राष्ट्राच्या लष्करी दप्तरास त्या ठाऊक नव्हत्या. १९२९ सालीं तो तरुण वयांतच वारला. मरेपर्यंत स्वतःच्या सरकारचें एकही शौर्यपदक त्यास मिळालें नाहीं. तो दरिद्री म्हणून ऑल्बनीकडे कोठेंतरी पुरला गेला असावा अशी पुढें समजूत झाली. वस्तुतः आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय स्मशानभूमींत त्यास लष्करी इतमामानें पुरलें होतें. पण हेंही कोणी दप्तर चाळीपर्यंत समजलें नाहीं.

पुढें जे घडलें तें सरकारनें आपण होऊन केलेलें नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. जखमी शिपायास मिळणारें ‘पर्पल हार्ट’ हें पदक जॉन्सनच्या नांवें १९९६ सालीं निघालें. ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ हें दुसऱ्या क्रमांकाचें शौर्यपदक २००२ सालीं मिळालें. सर्वोच्च ‘मेडल ऑफ ऑनर’ साठीं सेनेटर चार्ल्स शूमर यांनीं २०११ सालीं सुमारे १,३०० पानांचा अर्ज लष्करास सादर केला. त्यांत खुद्द सरसेनापति पर्शिंग यांचें त्या काळचें निवेदनही होतें. मग कायद्यांतील मुदतीची अट विधिमंडळानें शिथिल केली, आणि २ जून २०१५ रोजीं अध्यक्ष ओबामा यांनीं तें पदक जाहीर समारंभांत दिलें. एका रात्रींत केलेल्या कामाची नोंद पुरी होण्यास ९७ वर्षें लागलीं. तें घ्यावयास रक्ताच्या नात्याचें कोणी उरलें नव्हतें. ज्या गृहस्थानें आपण जॉन्सनचे पुत्र आहों या श्रद्धेनें पूर्वींचीं पदकें स्वीकारलीं होतीं त्यांचा रक्तसंबंध वंशावळीच्या शोधांत सिद्ध झाला नाहीं. तेव्हां न्यूयॉर्कच्या नॅशनल गार्डमधील एका सार्जंटानें तें हातीं घेतलें.

दप्तरांतून नांव गळतें तसें तें खोडलेंही जातें. डॉक्टर मेरी वॉकर या बाईंनीं अमेरिकेच्या यादवी युद्धांत शस्त्रवैद्याचें काम केलें, १८६४ सालीं शत्रूच्या हातीं सांपडून त्या कांहीं महिने रिचमंडच्या तुरुंगांत होत्या, आणि १८६५ सालीं त्यांस मेडल ऑफ ऑनर मिळालें. पुढें १९१७ मध्यें लष्करानें जुन्या यादीची छाननी करून ९११ नांवें कमी केलीं. त्यांत, ‘आपण कायद्यानें शिपाई नव्हतां’ या सबबीवर बाईंचेंही नांव गेलें. त्यांतील बहुतेक पदकें खरोखरच खिरापतीसारखीं वांटलेलीं होतीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु बाईंनीं पदक परत केलें नाहीं. १९१९ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या तें अंगावर वागवीत राहिल्या. तें नांव १९७७ सालीं पुनः यादींत आलें, तें लष्करी दप्तरांच्या दुरुस्तीसाठीं नेमलेल्या मंडळाच्या शिफारशीवरून.

या मंडळाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण ती कल्पना मूळची चांगली आहे. १९४६ पूर्वीं एखाद्या शिपायाच्या कागदांतील चूक दुरुस्त करावयाची तर त्याच्या एकट्यासाठीं विधिमंडळांत स्वतंत्र विधेयक आणावें लागे. म्हणजे ज्याची ओळख मोठी त्याचाच कागद सुधारे. त्या सालच्या कायद्यानें ही रीत बंद करून असे अर्ज निकालांत काढण्याचें काम लष्करखात्यांकडे सोंपविलें, व त्यांतून मुलकी सभासदांचीं मंडळें निर्माण झालीं. चूक उघड असेल, जसें कीं हुकूम दप्तरांत आहे पण दाखल्यावर पदक नाहीं, तर मंडळाकडे जाण्याचीही आवश्यकता नाहीं. दप्तरखान्याकडे विनंती केली असतां डी. डी. २१५ हें दुरुस्तिपत्र निघतें. येथवर सर्व ठीक. घोडें अडतें तें पुढें. मंडळाकडे येणाऱ्या अर्जास, चूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. न्यायासाठीं ती माफ करितां येते, पण तें मंडळाच्या मर्जीवर. सरकारी दप्तर बरोबरच आहे असें गृहीत धरून काम चालतें, आणि तें चुकलें आहे हें शाबीत करण्याचा सर्व बोजा अर्जदारावर असतो. अर्जदार बहुधा म्हातारा, त्याचा कॅप्टन बहुधा मेलेला, बरोबरीचे शिपाई चार दिशांस गेलेले. त्यानें पुरावा आणावा कोठून?

सरकारी दप्तरखान्याकडून, असें कोणी म्हणेल, तर त्या दप्तरखान्याचें काय झालें तेंही ऐकावें. १२ जुलै १९७३ रोजीं मध्यरात्रीनंतर सेंट लुईसजवळील लष्करी दप्तरखान्याच्या सहाव्या मजल्यास आग लागली आणि एक कोटी साठ लाखांपासून एक कोटी ऐशीं लाखांपर्यंत शिपायांचीं दप्तरें नष्ट झालीं. १९१२ चा नोव्हेंबर ते १९५९ ची अखेर या अवधींत सेवामुक्त झालेल्या पायदळ, तोफखाना वगैरे भूसेनेच्या लोकांचीं शेंकडा ८० दप्तरें त्यांत गेलीं. म्हणजे दोन्ही महायुद्धें व कोरियाचें युद्ध त्यांत आलें. विमानदलाच्या त्या काळच्या दप्तरांपैकीं ‘हबर्ड’ या आडनांवापर्यंतचीं वांचलीं, पुढचीं शेंकडा ७५ गेलीं; म्हणजे आडनांवाच्या आद्याक्षरावर मनुष्याचें नशीब अवलंबून राहिलें. या कागदांची दुसरी प्रत नव्हती, छायाचित्रें घेतलेलीं नव्हतीं, संपूर्ण सूची देखील नव्हती. गोदामांत माल भरून त्याचा विमा न उतरविणाऱ्या व्यापाऱ्यास आपण मूर्ख म्हणतों. मग या सरकारास काय म्हणावें? तेथील कर्मचाऱ्यांनीं पगारपत्रकें, पलटणींचे रोजचे अहवाल वगैरेंवरून लाखों शिपायांची सेवा पुनः उभी केली, हें त्यांस भूषणावह आहे. परंतु नोकरी केल्याचें पगारपत्रकावरून कळतें, शौर्य केल्याचें कळत नाहीं.

जीं पदकें मागाहून ठरतात त्यांची तर तऱ्हाच निराळी. १९४७ सालीं अमेरिकन लष्करानें असें ठरविलें कीं, दुसऱ्या महायुद्धांत ज्यांनीं पायदळांत प्रत्यक्ष लढून लढाऊ पायदळ शिपायाचा बिल्ला मिळविला त्यांस ‘ब्राँझ स्टार’ पदकाचाही अधिकार आहे. रणांगणावरील वैद्यकीय शिपायांसही तसाच. निर्णय उत्तम. परंतु बहुतेक शिपाई १९४५-४६ मध्येंच घरीं गेलेले, आणि पदकासाठीं ज्याचा त्यानें अर्ज करावयाचा. ज्याच्या कानीं ही गोष्ट गेली त्यानें अर्ज केला. ज्याच्या कानीं गेली नाहीं तो आपल्या शेतावर किंवा कारखान्यांत राबत राहिला. बिल्ल्याची नोंद तर सरकारच्याच हातीं होती! यादी काढून पदकें टपालानें धाडण्यास काय हरकत होती?

लबाड लोक खोटीं पदकें मिरवितात, म्हणून पुरावा कसून मागितला पाहिजे, असा एक आक्षेप आहे व तो पोकळ नाहीं. तेथें अशा तोतयांसाठीं २००६ सालीं कायदा झाला, २०१२ सालीं तो सर्वोच्च न्यायालयांत टिकला नाहीं, व २०१३ सालीं नवा करावा लागला. परंतु तोतया मनुष्य दुरुस्ती मंडळाच्या वाटेस कशाला जाईल? त्यास दुकानांतून पदक विकत घेऊन सभेंत बसणें पुरे होतें. कसून चौकशीचा जाच होतो तो खऱ्यासच.

सरकारनें आपण होऊन वही उघडली म्हणजे काय निघतें, हेंही तेथेंच दिसून आलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत एकाही कृष्णवर्णीय शिपायास मेडल ऑफ ऑनर मिळालें नव्हतें. लष्करानें यासंबंधीं अभ्यास करविला. त्यावरून १९९७ च्या जानेवारींत सात जणांस तें देण्यांत आलें. सातांपैकीं व्हर्नन बेकर हे एकटे तें घ्यावयास हयात होते. २००० सालीं आशियाई वंशाच्या २२ शिपायांचीं पदकें तशीच छाननी करून वरच्या पायरीवर नेलीं. पहिल्या महायुद्धांतील अल्पसंख्य जमातींच्या शिपायांचीं प्रकरणें पुनः तपासण्याचें २०१९ अखेरच्या कायद्यानें ठरलें. तेव्हां हें काम अशक्य नाहीं. तें करण्याची इच्छा मात्र हवी.

अमेरिकेची ही गोष्ट आम्हांस परकी वाटत नाहीं, याचें कारण बसऱ्याजवळ उभें आहे. पहिल्या महायुद्धांत पुण्याच्या नांवानें ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियांत गेली; तींत मराठा पलटणी होत्या, आणि कूतच्या वेढ्यांत उपासमार सोसून १९१६ च्या एप्रिलअखेर त्या शरण गेल्या. त्या मोहिमेंतील मृतांचें स्मारक बसऱ्यास झालें, तेव्हां इंग्रज शिपायाचें नांव दगडावर कोरलें. हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा तेवढा कोरला. नांवें वहींत होतीं. २०२१ च्या एप्रिलमध्यें युद्धस्मारकांच्या आयोगानें या भेदभावाची कबुली देणारा अहवाल काढला व ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली. सातारा-रत्नागिरीकडील ज्या घरांतून तीं माणसें गेलीं त्या घरांस हें कोणीं कळविलें, असा प्रश्न आम्ही विचारूं इच्छितों.

आमची सूचना थोडक्यांत ही. ज्या देशांत पदकांचे मूळ हुकूम शाबूत आहेत, तेथें ते एका बाजूस व शिपायांचे दाखले दुसऱ्या बाजूस ठेवून सरकारी खर्चानें ताळा घालावा. जेथें तफावत दिसेल तेथें दुरुस्तिपत्र व पदक शिपायाच्या घरीं पोंचवावें. तो मेला असेल तर वारसांस द्यावें. जेथें दप्तर सरकारच्या ताब्यांत असतां जळालें, तेथें शिपायाचें म्हणणें खरें धरून चालावें व तें खोटें असल्यास सरकारनें शाबीत करावें. तीन वर्षांची मुदत शिपायास लावूं नये. दुसऱ्या महायुद्धांत लढलेले जे कांहीं शिपाई आज हयात असतील त्यांचें वय शंभरीच्या आसपास आहे, आणि ताळ्याचें काम त्यांच्यापासून सुरू करावें.