गाण्यांतले प्राणी

सोलापुरांतल्या एखाद्या रसिक कुटुंबाचा तबकड्यांचा संग्रह उघडून बसलें, तर त्यांत पशुपक्ष्यांचा केवढा गोतावळा भरला आहे हें पाहून नवल वाटतें. कावळा आहे, विंचू आहे, मोर आहे, बदकाचीं पिल्लें आहेत. मात्र यांतील किती गाणीं खरोखर त्या प्राण्यांविषयीं आहेत, असें विचारलें म्हणजे उत्तर देणें सोपें राहत नाहीं.

कावळ्याचेंच पहा. ज्ञानेश्वरांची विराणी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींत लता मंगेशकरांनीं गायिली आणि तेराव्या शतकांतला तो कावळा घरोघर पोहोंचला. दारीं कावळा ओरडला कीं पाहुणा येणार, ही समजूत महाराष्ट्रांत कोणाला समजावून द्यावी लागत नाहीं. विराणींतला पाहुणा तर पंढरीचा राजा, म्हणजे सोलापूर जिल्ह्यांतलाच! शकुन खरा ठरावा म्हणून विरहिणी कावळ्याचे पाय सोन्यानें मढवूं म्हणते, त्याला दहींभात देऊं करते. एरवीं अंगणांतून हुसकला जाणारा आणि श्राद्धाच्या दिवशीं तेवढा आर्जवानें बोलावला जाणारा हा पक्षी येथें मानाचा दूत होतो. पण दूतच; तिचें सारें चित्त पाहुण्याकडे लागलेलें असतें.

विंचवाची गोष्ट अधिक रंजक आहे. एकनाथांचें भारूड शाहीर साबळे यांच्या खड्या आवाजांत ऐकतांना हंशा पिकतो. विंचू म्हणजे कामक्रोध आणि उतारा म्हणजे सत्त्वगुण, हा अर्थ कीर्तनकार उलगडून सांगतात. परंतु हें रूपक इतकें पक्कें बसलें, याचें श्रेय नाथांच्या निरीक्षणाला दिलें पाहिजे. दंशानंतर अंगाला सुटणारा घाम आणि उतारा पडल्यावरही मागें रेंगाळणारी ठणक, या दोन्ही गोष्टी भारुडांत आहेत. आधुनिक वैद्यकही या घामाला महत्त्व देतें. तांबड्या विंचवाच्या विषानें मज्जातंतू एकाएकीं उत्तेजित होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात आणि हृदयावर ताण येऊन रोगी दगावूंही शकतो. १९८० नंतरच्या दशकांत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं प्राझोसिन हें औषध या दंशावर वापरलें आणि पुष्कळांचे प्राण वाचले. भारुडांतल्या विंचवाला गुरूचा उतारा चालतो. खऱ्या विंचवाला तो चालत नाहीं, तेथें रुग्णालयच गांठावें.

बालगीतांत मात्र प्राण्याच्या पाठीवरचें हें ओझें पुष्कळ हलकें होतें. सोलापूरला लागून असलेल्या माणदेशांतले कवि ग. दि. माडगूळकर यांनीं १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ चित्रपटासाठीं ‘नाच रे मोरा’ लिहिलें, पु. ल. देशपांडे यांनीं त्याला चाल दिली व आशा भोसले यांनीं तें गायिलें. मोर पावसाला भुलून नाचतो, असें मुलांना वाटतें. वस्तुतः लांडोरीपुढें पिसारा फुलविण्याचा त्याचा हंगाम पावसाळ्याशीं जुळतो, इतकेंच. पण या गाण्यांत मोराकडून कोणाला कांहीं नको आहे. त्यानें नाचावें, एवढेंच मागणें. माडगूळकरांच्याच बदकांच्या गाण्यांत पुन्हां बोध डोकावतो. १८४३ सालची अँडरसनची कुरूप पिल्लाची कथा त्यामागें आहे, आणि शेवटीं तें पिल्लूं राजहंस ठरतें. तें राजहंस न ठरतां बदकच राहिलें असतें, तर काय बिघडलें असतें?

शहरापासून जवळच नान्नजचें माळरान आहे. तेथें माळढोकासाठीं १९७९ मध्यें अभयारण्य झालें. पुरुषभर नव्हे, तरी मीटरभर उंचीचा हा पक्षी. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. नर विणीच्या दिवसांत गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, तें दूरवर ऐकूं जातें. आज त्याचें दर्शन तेथें अगदीं दुर्मिळ झालें आहे. तो शकुन सांगत नाहीं, त्याला पंचतंत्रांत भूमिका नाहीं, आणि घरांतल्या त्या तबकड्यांत कावळ्यापासून बदकापर्यंत सारे असतांना त्याची जागा रिकामी आहे.