चोरीचा आळ आणि घरकामाचा अलिखित करार

धुणीभांडी, केरफरशी, स्वयंपाक, मुलांचा सांभाळ आणि आजारी वृद्धांची शुश्रूषा यांसाठी शहरातील घरात बाहेरून येणाऱ्या बाईला जेवढा मोकळा वावर मिळतो, तेवढा नात्यागोत्यातील बहुतेकांनाही मिळत नाही. कपाटाची किल्ली कोठे असते, घरातील माणसे केव्हा बाहेर पडतात, अंघोळीपूर्वी अंगठी काढून कोठे ठेवली जाते, हे सारे तिला कामाच्या ओघातच कळत जाते. असे असूनही तिच्याशी झालेला व्यवहार जवळजवळ नेहमीच तोंडी असतो. पगार, सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस एवढेच ठरते, आणि एखादी वस्तू सापडेनाशी झाल्यास दोन्ही बाजूंनी काय करायचे याविषयी कधी चकार शब्दही निघत नाही. चोरीच्या आळाचा प्रश्न सामान्यतः माणसांच्या प्रामाणिकपणाचा म्हणून मांडला जातो. वास्तविक तो या न बोललेल्या भागाचा आहे, कारण तेथे ठरलेली कोणतीच रीत नसल्यामुळे वस्तू दिसेनाशी होताच रीतीची जागा संशय घेतो.

हा संशय सर्वांवर सारखा पडत नाही. घरात राहणारा मुलगा, पाहुणे म्हणून आलेले नातलग, दुरुस्तीसाठी येऊन गेलेला कारागीर आणि रोज येणारी बाई या सर्वांना वस्तूपर्यंत पोहोचण्याची संधी असली, तरी पहिला प्रश्न बाईलाच विचारला जातो. तिला विचारण्याने कोणतेही नाते तुटत नाही आणि विचारणाऱ्याला फारशी किंमत मोजावी लागत नाही, हे त्याचे साधे कारण होय. फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत रूसो याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवलेली एक घटना येथे उद्बोधक ठरते. १७२८ साली इटलीतील तुरिन शहरात एका सरदार घराण्यातील स्त्रीच्या पदरी तो नोकर असताना मालकीणबाईंचे निधन झाले आणि सामानाची मोजदाद सुरू असताना एक जुनी फीत त्याच्याजवळ सापडली. ती त्यानेच चोरली होती. पण सर्वांसमोर विचारणा होताच त्याने मारियों नावाच्या तरुण स्वयंपाकिणीने ती आपल्याला दिली असे सांगितले. कोणाचे खरे हे शोधण्याचा प्रयत्न न करता दोघांनाही कामावरून दूर करण्यात आले. आळ आलेल्या मुलीला पुन्हा चांगल्या घरी काम मिळाले असेल का, ही बोच त्याला आयुष्यभर राहिली. फितीची किंमत नगण्य होती आणि मुलीचे मात्र नाव गेले, ही त्या घटनेतील विषमता आजच्या पुण्या-मुंबईतील घरकामालाही लागू पडते, कारण तेथेही पुढचे काम मागच्या घराच्या शब्दावरच मिळते.

कायद्यानेही या नात्याकडे प्रामुख्याने एकाच बाजूने पाहिले आहे. इंग्लंडमध्ये १७१३ च्या एका कायद्याने राहत्या घरातून चाळीस शिलिंग किंवा अधिक किमतीचा ऐवज चोरण्यास देहदंड ठेवला होता आणि त्याचा रोख घरातील नोकरांवर होता. भारतीय दंड संहितेत, म्हणजे १८६० च्या कायद्यात, साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती. परंतु नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास कलम ३८१ खाली ती सात वर्षांपर्यंत जाई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम ३०६ म्हणून कायम राहिली. नव्या संहितेत साध्या चोरीच्या बाबतीत एक सौम्य वाटही आहे: वस्तू पाच हजार रुपयांहून कमी किमतीची असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली गेली असेल, तर समाजसेवेची शिक्षा पुरेशी मानली आहे. नोकराच्या चोरीच्या कलमात ही वाट ठेवलेली नाही. विश्वासाने घरात घेतलेल्या माणसाने तो मोडला, तर दोष अधिक, हे या भेदामागील तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे. मात्र विश्वासाने घरात आलेल्या माणसावर त्याच घराने खोटा आळ घेतला, तर त्या विश्वासभंगाला अशी वाढीव तरतूद नाही, आणि खोट्या फिर्यादीबद्दल दाद मागायची तर सर्वांना लागू असलेल्या सामान्य कलमांचाच आधार घ्यावा लागतो.

आळ आलेल्या व्यक्तीला कायद्याने दिलेले संरक्षण मात्र कमी नाही. ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे. घरमालकाला बाईची झडती घेण्याचा, तिच्या खोलीवर जाऊन सामान उलथेपालथे करण्याचा किंवा कबूल होईपर्यंत तिला दार लावून बसवून ठेवण्याचा कोणताही अधिकार नाही. डोळ्यांदेखत चोरी करताना पकडलेल्या व्यक्तीला खाजगी नागरिक रोखू शकतो. पण तिला विनाविलंब, आणि अधिकात अधिक सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते, आणि केवळ संशयावरून कोंडून ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक न करता, अटकेची गरज कारणांसह नोंदवावी आणि गरज नसल्यास हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावले असून कलम ३०६ त्याच मर्यादेत येते. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती व दंडाधिकाऱ्याची परवानगी यांवाचून, अटक करता येत नाही. तिची अंगझडती स्त्रीनेच घ्यावी लागते. आणि साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर तिला ठाण्यात न बोलावता ती राहते तेथे जाऊन घ्यावा लागतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

हे नियम कागदावर असतानाही काय घडते, हे केरळातील तिरुवनंतपुरम येथे एप्रिल २०२५ मध्ये दिसले. सोन्याची साखळी चोरीला गेल्याच्या तक्रारीवरून एका दलित घरकामगार स्त्रीला पेरूरकडा पोलीस ठाण्यात रात्रभर बसवून ठेवण्यात आले. साखळी पुढे मालकाच्याच घरात सापडली आणि प्रकरणाचा बोभाटा झाल्यावर संबंधित उपनिरीक्षकाला निलंबित करण्यात आले. त्याआधी जुलै २०१७ मध्ये नोएडातील एका मोठ्या गृहसंकुलात पैशांच्या चोरीचा आळ आलेली बाई रात्री घरी परतली नाही, तेव्हा तिला डांबून ठेवल्याचे तिच्या कुटुंबाचे म्हणणे होते, तर ती चोरी कबूल करून निघून गेल्याचे मालकांचे. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतील जमाव संकुलात शिरला, दगडफेक झाली, अटकसत्र वस्तीतील लोकांवर चालले आणि बंगालीभाषक कामगारांना बांगलादेशी ठरवून कामावरून काढण्याची भाषा सुरू झाली. एका घरातील न मिटलेला संशय तेथे एका रात्रीत संपूर्ण समूहावरील संशय झाला.

वृद्धांच्या शुश्रूषेसाठी ब्युरोमार्फत येणाऱ्या मावशी आणि मामा यांची स्थिती याहून नाजूक आहे, आणि या बाजूकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ब्युरो म्हणजे बारा किंवा चोवीस तासांसाठी माणसे पुरवून त्यावर कमिशन घेणारी संस्था. तिच्याकडून आलेली व्यक्ती रुग्णाच्या खोलीत एकटी असते, औषधांसाठी तिच्या हाती रोख रक्कम दिली जाते आणि बदली कामावर येणारी माणसे वरचेवर बदलतात. ज्यांच्यासाठी ती नेमलेली असते, त्यांपैकी अनेकांना स्मृतिभ्रंश असतो, म्हणजे स्मरण, आकलन आणि निर्णय यांची क्षमता उत्तरोत्तर खालावत नेणारा मेंदूचा विकार असतो. आपल्या वस्तू कोणीतरी चोरत आहे, हा भ्रम या विकारात वारंवार आढळतो. रुग्ण पाकीट किंवा बांगडी सुरक्षित राहावी म्हणून उशीच्या अभ्र्यात अथवा धान्याच्या डब्यात ठेवतो, ठेवल्याची आठवण पुसली जाते, आणि उरलेल्या रिकाम्या जागेचा अर्थ मन चोरी असा लावते. तो बोट दाखवतो ते बहुधा सर्वांत जवळ असलेल्या माणसाकडे, म्हणजे कधी सुनेकडे आणि कधी मावशींकडे. रुग्ण खोटे बोलत नसतो, त्यामुळे त्याच्या सांगण्यात खरेपणाचा सूर असतो आणि दूर राहणारी मुले त्यावर विश्वास ठेवतात. परदेशातून फोनवर आईचे गाऱ्हाणे ऐकणाऱ्या मुलाने ब्युरोला तक्रार केली की त्या मावशींचे नाव यादीतून जाते, आणि नव्या आलेल्या व्यक्तीवरही काही आठवड्यांत तोच आळ येतो. अशा घरात रुग्णाशी वाद न घालता त्याच्याबरोबर वस्तू शोधणे, त्याच्या नेहमीच्या लपवण्याच्या जागा माहीत करून घेणे, दागिने त्याच्या खोलीतून आधीच हलवणे आणि ब्युरोच्या माणसाला पहिल्याच दिवशी या भ्रमाची कल्पना देणे, हे कुटुंबाचे कर्तव्य आहे. ते न करता शुश्रूषेचे काम देणे म्हणजे त्या माणसाला ठाऊक असलेल्या धोक्यात डोळे मिटून ढकलणे होय.

चोऱ्या होतच नाहीत असा याचा अर्थ नाही. खोट्या नावाने काम मिळवून काही दिवसांत ऐवज घेऊन पसार होण्याचे प्रकार पोलिसांच्या नोंदीत आहेत, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची त्याविषयीची भीती अनाठायी नाही. पोलिसांकडून होणारी पडताळणी या धोक्यावर उपयोगी पडते, कारण तिने ओळख, पत्ता आणि पूर्वीचे गुन्हे तपासले जातात. स्वभाव मात्र तिला तपासता येत नाही. सोसायटीच्या फाटकावर रोज पिशवी उघडून दाखवायला लावण्याची प्रथा याहून वेगळी आहे. तिच्यातून चोर सापडण्यापेक्षा प्रामाणिक माणसाचा रोजचा अपमानच अधिक घडतो, आणि तीच तपासणी रहिवाशांच्या पाहुण्यांना लावण्याचे धैर्य कोणतीही कार्यकारिणी दाखवत नाही.

या अपमानाविरुद्ध संघटित आवाज महाराष्ट्रात जुना आहे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम झाला. त्याचा भर मात्र नोंदणी आणि अपघात, प्रसूती, शिक्षण, अंत्यविधी अशा प्रसंगीच्या अर्थसाहाय्यावर आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारात कामाच्या अटी समजतील अशा रीतीने, शक्यतो लेखी, सांगण्याची अपेक्षा आहे; भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमावी, असे केंद्र सरकारला सांगितले.

कायदा येईपर्यंत घराघरांत एक पानाचा लेखी करार करण्यास कोणाची आडकाठी नाही. पगार, सुट्ट्या आणि उचल यांबरोबरच किल्ली कोणाकडे राहील, औषधांच्या खर्चाची वही कशी ठेवली जाईल, कोणती कपाटे कायम कुलपात असतील आणि काही हरवल्यास आधी घरच्यांनी सर्वत्र शोध घ्यावा, मग बाईला एकटीला न गाठता तिच्या घरच्या किंवा संघटनेच्या माणसासमोर विचारावे, हे त्यात लिहिता येते. संशय टिकून राहिला, तर निर्णय पोलिसांवर सोपवावा. झालेल्या कामाचा पगार त्यासाठी अडवू नये, कारण ते आधीच फेडायचे झालेले देणे असते. तक्रार नोंदवल्यानंतर वस्तू घरातच सापडली, तर ती गोष्ट त्याच दिवशी ठाण्यात लेखी कळवावी. महाराष्ट्रात गैरसमजातून झालेल्या अशा फिर्यादीवर पोलीस 'क' समरी, म्हणजे फिर्याद खरीही नाही आणि हेतुतः खोटीही नाही असा अहवाल, दंडाधिकाऱ्यापुढे ठेवतात आणि तो मान्य झाल्यावर प्रकरण मिटते. ज्या शेजाऱ्यांना, ज्या ब्युरोला आणि सोसायटीच्या ज्या व्हॉट्सॲप गटावर संशय कळवला होता, तेथे वस्तू सापडल्याचे कळवणे, बुडालेल्या दिवसांचा पगार देणे आणि तिची इच्छा असल्यास तिला पुन्हा कामावर बोलावणे, हे उरलेले काम मात्र तक्रारदाराने स्वतःच करावयाचे असते.