पत्रांचे रिकामे दिवस: संगणकीय पृच्छेनें दिनमाला रचण्याची रीति

जुन्या दप्तरांच्या याद्या वहीऐवजीं संगणकावरील डेटाबेसांत ठेवण्याचा प्रघात हल्लीं पडत चालला आहे, व तो इष्टच आहे. परंतु अशा यादीस ‘अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंतचीं पत्रें दाखीव’ अशी पृच्छा केली असतां जें उत्तर येतें त्यांत एक वैगुण्य असतें. तिकडे संग्राहकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें दिसत नाहीं. ज्या दिवसाचें पत्र आहे तोच दिवस उत्तरांत येतो; ज्याचें नाहीं तो येतच नाहीं. कोणतीं पत्रें हातीं आहेत तें कळतें, पण कोणते दिवस मुके आहेत तें कळत नाहीं. आणि संशोधकास पुष्कळदां हें दुसरेंच अधिक हवें असतें.

पानिपतचें उदाहरण घेऊं. दोन्ही सैन्यें समोरासमोर असतांनाचा काळ म्हणून १ नोव्हेंबर १७६० पासून १४ जानेवारी १७६१ पर्यंतची मर्यादा धरली. या काळाचे कागद राजवाड्यांच्या १८९८ सालच्या पहिल्या खंडांत आहेत, सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या वर्षांत संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ भागांत विखुरलेले आहेत, आणि खासगी रुमालांतूनहि सांपडतात. दक्षिणेकडील वाट व डाक याच काळांत तुटत गेली. तेव्हां पत्रांचा ओघ कोणत्या दिवशीं आटला, मध्येंच एखादें पत्र कोणत्या दिवशीं निसटून आलें, हा प्रश्न सरळ इतिहासाचा आहे. रिकामा दिवस डाक बंद असल्याचा असेल, पत्र नष्ट झाल्याचा असेल, किंवा तो कागद दुसऱ्याच्या घरीं न वाचलेल्या रुमालांत पडला असेल. पण तो दिवस रिकामा आहे हें आधीं दिसल्यावांचून पुढचा शोध कोणी करावयाचा?

उपाय असा कीं, पत्रांच्या आधीं दिवस निर्माण करावे. मर्यादेंतील प्रत्येक दिवसाची एक ओळ, पत्र असो वा नसो, अशी अखंड माला पृच्छेकडूनच करवून घ्यावी व मग तिच्याशीं पत्रांची यादी जोडावी. पोस्टग्रेस नामक डेटाबेसांत यासाठीं तयार क्रिया आहे: आरंभ, अंत व पाऊल सांगितलें कीं माला मिळते. इतरत्र पुष्कळ ठिकाणीं स्वतःकडेच पुन्हा वळणारी पृच्छा लिहावी लागते. १९९९ च्या प्रमाण-नियमांत तिला स्थान मिळालें. तिचे अवयव दोनच. पहिला म्हणतो, ‘आरंभींचा दिवस घे’. दुसरा म्हणतो, ‘आतां मिळालेल्या दिवसांत एक मिळीव, व अंत येईपर्यंत असेंच कर’. ज्यांनीं पाणिनीचीं सूत्रें वाचलीं आहेत त्यांस अनुवृत्तीची आठवण होईल: एकदां उच्चारलेलें पद निवृत्ति होईतों पुढच्या सूत्रांत चालत राहतें. येथेंहि सर्व काळजी निवृत्तीचीच घ्यावयाची. ‘मागला दिवस अंताहून कमी असेल तर पुढें जा’ असें लिहिलें तर माला अंतावर थांबते. ‘कमी किंवा समान’ लिहिलें तर एक दिवस जास्त येतो. वरील मर्यादेंत दोन्ही टोकें धरून ७५ दिवस होतात, वजाबाकी मात्र ७४ येते. या एका दिवसावरून छापील ग्रंथांतहि घोळ झालेले आहेत. शिवाय कांहीं डेटाबेस अशी आवृत्ति ठराविक संख्येवर तोडतात. मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हरमध्यें ती मर्यादा मुळांत १०० आहे, मायएस्क्यूएलमध्यें १०००. ती वाढविण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. पानिपतचे ७५ दिवस त्यांत बसतात, पण एक सुहूर सन पहिल्यांत बसत नाहीं. आणि फाल्गुन वद्य ३ शके १५५१ ही जन्मतिथि धरून शिवछत्रपतींच्या आयुष्याची माला करूं गेल्यास अठरा हजारांहून अधिक दिवस लागतात.

आतां मुख्य गोष्ट. माला कशाची करावयाची? आमच्या मतें ती तारखांची नव्हे, तिथींची तर नव्हेच, केवळ दिवसांच्या क्रमांकांची करावी. तिथीला एक मिळविल्यानें पुढचा दिवस मिळत नाहीं. सरासरीनें सुमारें ६४ तिथींस ६३ दिवस होतात, म्हणून कांहीं तिथि सूर्योदय न पाहतांच संपतात. उलट एखादी तिथि दोन सूर्योदय पाहते व एकच मिति दोन दिवसांस लागू पडते. त्यावर अधिक मास आहेच. आपल्या ज्योतिष्यांनीं हें ओळखूनच अहर्गणाचा आश्रय केला. गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ आरंभ धरून रचलेल्या ग्रहलाघवांत अहर्गण लहान राहावा म्हणून अकरा वर्षांचें, म्हणजे ४०१६ दिवसांचें, चक्र योजिलें आहे. यूरोपांत स्कॅलिजरनें १५८३ मध्यें मांडलेल्या युगावरून जो ज्यूलियन दिनांक निघाला, तोहि अहर्गणच. फक्त त्याचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४७१३ च्या १ जानेवारीस होतो.

राज्याभिषेकाचा दिवस पाहूं. ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, इंग्रजांच्या जुन्या पद्धतीनें ६ जून १६७४, नव्या पद्धतीनें १६ जून. तीन नांवें, पण दिनांक एकच: २३,३२,६४३. कलियुगारंभाचा दिनांक ५,८८,४६६. वजा केल्यास कल्यहर्गण १७,४४,१७७ येतो. त्यास ७ नीं भागिल्यास बाकी १ उरते, आणि कलियुग शुक्रवारीं लागलें म्हणून वार शनिवार. येथें कोणत्याहि डेटाबेसाच्या पंचांगज्ञानाची गरज पडली नाहीं, हें लक्षांत घ्यावें.

आणि तें पंचांगज्ञान भरंवशाचें नाहींच. पोस्टग्रेस व एस्क्यूलाइट हे नवी, म्हणजे ग्रेगोरियन, गणना मागील शतकांतहि तशीच चालवितात. इंग्रजांच्या राज्यांत २ सप्टेंबर १७५२ बुधवारनंतर एकदम १४ सप्टेंबर गुरुवार आला. यांच्या मालेंत मात्र ३ ते १३ हे अकराहि दिवस उभे असतात, व इंग्रजी पत्रांच्या दृष्टीनें ते कायमचे रिकामे दिसतात. एस्क्यूएल सर्व्हरच्या जुन्या तारीख-प्रकारास तर १ जानेवारी १७५३ च्या मागचें जगच ठाऊक नाहीं. कारण हाच बदल. म्हणून मुंबईच्या इंग्रज वखारीचें १७५२ पूर्वींचें पत्र मालेस जोडतांना १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १० व तेथून पुढें ११ दिवस मिळवावे. पोर्तुगीज पत्रांस तें करूं नये. त्यांनीं नवी पद्धति आधींच स्वीकारली होती. इंग्रजांचें जुनें वर्ष २५ मार्चला बदले, तेव्हां जानेवारी, फेब्रुवारी व मार्चच्या पत्रांवरील सन एकानें मागें असूं शकतो, हेंहि पाहावें. एस्क्यूलाइट मध्यरात्रीच्या क्षणाचा दिनांक अर्ध्यानें कमी देतें, कारण खगोलज्ञांचा दिवस मध्याह्नीं लागतो. तो अर्धा मिळवून पूर्णांकच ठेवावा. आपला वार सूर्योदयीं बदलतो, हा तिसराच प्रकार.

जोडणीविषयीं दोन सूचना. माला डावीकडे व पत्रें उजवीकडे ठेवून, उजवीकडे कांहीं नसलें तरी डावी ओळ राखणारी जोडणी करावी. ‘फक्त भाऊसाहेबांचीं पत्रें’ अशी अट घालणें असेल तर ती जोडणीच्या अटींत घालावी. मागाहून गाळणीसारखी लाविली तर रिकामे दिवस तींतून गळून पडतात व सर्व श्रम व्यर्थ जातात. तसेंच मोजणी ओळींची न करितां पत्रक्रमांकांची करावी. नाहींतर रिकाम्या दिवसाचेंहि एक पत्र मोजलें जाईल.

ज्या पत्रावर पूर्ण मिति नाहीं त्याचें काय? नुसतें ‘इहिदे सितैन मया व अलफ’ लिहिलें असेल तर सुहूर सन ११६१, म्हणजे १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंतचा कोणताहि दिवस. अशा पत्रास एक तारीख कल्पून देणें आम्हांस मान्य नाहीं. त्याच्या नोंदींत ‘याच्या आधीं नव्हे’ व ‘याच्या नंतर नव्हे’ असे दोन दिनांक ठेवावे. मात्र तें पत्र मालेंतील सर्व दिवसांस चिकटवून ते भरले असें मानूं नये. निश्चित पत्रांचें एक सदर व संभाव्य पत्रांचें दुसरें, असे दोन आंकडे प्रत्येक दिवसापुढें असावेत. मूळ कागदावरील मिति, चंद्र व सन जसा लिहिला असेल तसा अक्षरशः वेगळ्या रकान्यांत राखावा; दिनांक हा आपला निष्कर्ष आहे, कागदाचें वचन नव्हे.

प्रत्येक वेळीं माला नव्यानें निर्माण करण्यापेक्षां ती एकदांच करून ठेवणें सोईचें. नव्या पद्धतीच्या १ जानेवारी १६०१ पासून ३१ डिसेंबर १९०० पर्यंत १,०९,५७२ दिवस होतात. संगणकास एवढें कांहींच नाहीं. त्यापुढें जुनी तारीख, नवी तारीख, वार, सूर्योदयींची तिथि, शक, हिजरी चंद्र व सुहूर सन असे रकाने भरले कीं ती एक जंत्रीच झाली. तिथींच्या रकान्यासाठीं १७९९ पर्यंत स्वामिकन्नू पिल्ले यांच्या १९२२ सालच्या कोष्टकांचा आधार घेतां येईल, व गणिताची रीति शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि सिवेल यांच्या १८९६ सालच्या ग्रंथांत आहे. हिजरी चंद्रांत मात्र प्रत्यक्ष चंद्रदर्शनामुळें एका दिवसाचा फरक पडतो. तेथें पत्रावरील वार उपलब्ध असेल तर त्याचाच निर्णय घ्यावा, आणि वार नसेल तर दिनांकाच्या दोन्ही मर्यादा एकेक दिवस सैल ठेवाव्या.