मिरज-कुर्डुवाडी : रूळ रुंद झाले, वेळापत्रक अरुंद राहिले

मिरज जंक्शनातून चार दिशांना रूळ फुटतात. पुणे, कोल्हापूर आणि बेळगाव-लोंढा या तीन दिशांची चर्चा नेहमी होते. पंढरपूरमार्गे कुर्डुवाडीला जाणारी चौथी वाट मात्र अजून आडवाट समजली जाते. तिचा वारसा बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, अशी अडीच फुटी गाडी सुरू केली. ती 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. पुण्याचा मार्ग 1971 मध्ये ब्रॉडगेज झाला, लोंढ्याकडचा मीटरगेज त्यानंतरही बरीच वर्षे टिकला. त्यामुळे नॅरो, मीटर आणि ब्रॉड असे तिन्ही गेज मिरजेत एकत्र नांदत होते. रेल्वेप्रेमींना त्याचे कौतुक वाटते, पण व्यापाऱ्याला एका डब्यातला माल उतरवून दुसऱ्यात भरण्याची हमाली मोजावी लागे आणि प्रवाशाला गाडी बदलावी लागे. पंढरपूर-मिरज टप्पा 2010-11च्या सुमारास रुंद झाला आणि ही अडचण कायमची संपली. माझे म्हणणे असे की, रूळ बदलले तरी या मार्गाकडे पाहण्याची नजर शाखामार्गाचीच राहिली, आणि तिचे प्रतिबिंब आजच्या वेळापत्रकात दिसते.

या मार्गाची खरी ताकद एप्रिल 2016 मध्ये साऱ्या देशाने पाहिली. लातूर तहानेने व्याकूळ होते. कोटा येथील कारखान्यात वाफेने धुतलेल्या टाकी-वाघिणी मिरजेत आणल्या गेल्या, कृष्णेचे पाणी त्यांत भरले गेले आणि पहिली गाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला गेली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेत सुमारे पंचवीस लाख लिटर नेऊ लागली. अंतर सुमारे 340 किलोमीटर. अडीच फुटी रुळांवर हे अशक्यच होते. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा यांना थेट जोडणारी ही वाट आहे, हे त्या उन्हाळ्यात सिद्ध झाले. तरीही या वाटेने जाणारी कोल्हापूर-नागपूर गाडी आठवड्यातून दोनदाच धावते आणि कोल्हापूर-धनबाद एकदाच. वारीच्या दिवसांत जादा गाड्या सुटतात, म्हणजे मार्गाला त्या पेलतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो एसटीचा आणि रुंद झालेल्या रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा : रस्ता असताना रेल्वेने कोण जाणार? पण आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड या पट्ट्यातून मिरजेला कोण येते ते पाहावे. 1894 पासूनचे वॉन्लेस रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे मिरज ही दवाखान्यांची नगरी झाली आहे. आजाऱ्याला, त्याच्यासोबतच्या माणसाला आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांना स्वस्त तिकीट हवे, आणि सकाळी येऊन संध्याकाळी परतता येईल अशी वेळ हवी. गाडी गैरसोयीच्या वेळी सोडायची आणि मग प्रवासी नाहीत म्हणायचे, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सांगोल्याच्या डाळिंबांना किसान रेल मिळाली होती. देशातली शंभरावी किसान रेल 28 डिसेंबर 2020 रोजी सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधील शालिमारला निघाली. भाड्यातली 50 टक्के सवलत संपली आणि ती सेवाही टिकली नाही. मग मागणी खरी होती की सवलतीची? सवलतीचा वाटा मोठा होता, हे मान्य करायलाच हवे. मात्र त्यावरून एवढेच ठरते की, पूर्ण गाडी भरण्याइतका माल रोज निघत नाही. डाळिंब, द्राक्षे, बेदाणा हंगामानुसार आणि थोडाथोडा निघतो. त्याला नेमाने धावणाऱ्या प्रवासी गाडीला जोडलेला पार्सल डबा पुरतो. बागायतदाराला भाड्याइतकीच वेळेची खात्री लागते.

एकेरी रूळ ही अडचण खरी आहे, आणि पुणे-मिरज दुहेरीकरणाला अग्रक्रम मिळाला यात गैर काही नाही. पण मध्य रेल्वेचे विद्युतीकरण फेब्रुवारी 2023 मध्ये औसा रोड-लातूर रोड या शेवटच्या टप्प्यासह पूर्ण झाले आहे. म्हणजे मिरजेहून लातूरकडे आता विजेच्या इंजिनाने सलग जाता येते. त्यामुळे नवे रूळ मागण्याआधी दोन मागण्या लावून धराव्यात : कोल्हापूर-नागपूर गाडी रोज करावी आणि मिरज-पंढरपूर पट्ट्यात सकाळ-संध्याकाळची सोयीची पॅसेंजर द्यावी. सांगली आणि सोलापूरच्या खासदारांनी या मागण्या एकत्र मांडाव्यात.