समुपदेशक तयार उत्तर का देत नाही?

दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचा भाव पडून ज्याची झोप उडते, त्याला समुपदेशकाकडून तयार उत्तर हवं असतं. ते मिळत नाही, आणि तेच योग्य, कारण उत्तर दोघांनी मिळून शोधायचं असतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडलं की उपचार तीन गोष्टींवर उभा राहतो: ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि परस्परांतला विश्वास. या तिन्हींतून घडणारं नातं आणि गुण येणं यांचा संबंध पुढच्या अनेक अभ्यासांतही दिसला. ‘तयार उत्तर नाही, मग पैसे कशाचे?’ हा प्रश्न रास्तच. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचे, सरावाचे! रात्री दोनला छळणारा ‘आता सगळं संपलं’ हा विचार तपासायचा कसा, हे दोघं मिळून ठरवतात. आत्महत्येचे विचार येत असतील तर मात्र थांबू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.