भुतांच्या पंगतीत भाज्या! हॅलोविनला सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरात मुलांसाठी काय कराल?

३१ ऑक्टोबर जवळ आला की मोबाइलवर एकाच धाटणीचे व्हिडीओ फिरू लागतात. पोखरलेला भोपळा, आत दिवा, काळे झगे घातलेली मुले आणि टेबलावर नारिंगी-काळ्या रंगाचे केक. परदेशात असलेली नातवंडे व्हिडीओ कॉलवर भूत होऊन येतात आणि मग इथली मुलेही हट्ट धरतात, आम्हालाही हॅलोविन करायचे आहे.

वेशभूषेचे काय, आईची जुनी काळी ओढणी आणि काजळाची डबी पुरते. अडचण खाण्याची असते. बाजारातून खाण्याच्या रंगाच्या बाटल्या, क्रीम आणि चॉकलेट आणले की पार्टी होते, पण मुलांच्या पोटात साखर आणि रंग सोडून फारसे काही जात नाही. हॅलोविनला जे रंग लागतात, नारिंगी, काळा, हिरवा, लाल, ते सगळे सातारा-सांगलीच्या मंडईत आणि घरातल्या डब्यांत आहेत. बाटली उघडायची गरज नाही.

भोपळ्यातच दिवा का?

हॅलोविन म्हणजे १ नोव्हेंबरच्या ख्रिस्ती ‘सर्व संतांच्या दिवसा’ची आदली संध्याकाळ. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये या रात्री सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथले लोक अमेरिकेत गेले, त्यांना सलगमपेक्षा मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला आणि तोच या सणाचा चेहरा झाला.

भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच. आपला लाल भोपळा, म्हणजे डांगर, हाही तिकडूनच आला. मिरची, बटाटा आणि टोमॅटोही तसेच आले. पण तो आपल्याकडे इतका रुळला की लेकीकडून परतताना भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. भोपळा आणि भीतीची सांगड आपल्यालाही नवी नाही.

राक्षस झालेली फळभाजीही आपल्याकडे आहेच. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानानंतर पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. हे कडू रानफळ म्हणजे नरकासुर. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती. सकाळी कारीट, संध्याकाळी कोरलेला भोपळा!

त्याखेरीज दारावरचा कोहळा, दुकानाच्या उंबऱ्यावर टांगलेले लिंबू-मिरची आणि अमावास्येला चौकात ठेवलेला उतारा. खाण्याच्या वस्तूला भीती चिकटवण्यात आपण कुणाला हार जाणार नाही. अनेक घरांत भोपळा आधी पुरुषाने चिरायचा, मग बाईने हात लावायचा, हा दंडक अजून पाळला जातो. हॅलोविनच्या निमित्ताने घरातल्या मुलीच्या हातात मार्कर देऊन भोपळ्यावर तोंड काढायला सांगितले, तरी एक काम होऊन जाईल.

नारिंगी : घारगे, पण तोंडासकट

लाल भोपळ्याचे घारगे नवे नाहीत. एक वाटी किसलेला भोपळा आणि पाऊण वाटी चिरलेला गूळ कढईत मंद आचेवर ठेवा. पाच-सात मिनिटांत गूळ विरघळतो आणि कीस मऊ होतो. चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ आणि चमचाभर तीळ घाला. थंड झाल्यावर चमचाभर तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळा. पाणी अजिबात घालू नका, भोपळ्याला सुटलेले पाणी पुरते. पंधरा मिनिटांनी जाडसर पुऱ्या थापा.

आता चेहरा. स्ट्रॉच्या टोकाने दोन डोळे पाडा आणि चमच्याच्या कडेने वाकडे तोंड कापा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : भोके पाडलेला घारगा फुगणार नाही. पुरी फुगते ती आत अडकलेल्या वाफेने, आणि इथे वाफ डोळ्यांतून निघून जाते. त्यामुळे तो तळण्यात अर्थ नाही. तव्यावर तूप सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. तेल वाचते आणि चेहराही टिकतो.

तूप मात्र अगदीच टाळू नका. भोपळ्याचा आणि गाजराचा नारिंगी रंग बीटा कॅरोटीनचा असतो. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, पण ते शोषून घ्यायला थोडे स्निग्ध लागते. गाजराची कोशिंबीर फोडणीशिवाय करू नये, या आजीच्या आग्रहात तथ्य आहे.

काळा : कृष्णाकाठची माती

काळा रंग हा पार्टीचा सगळ्यात अवघड रंग. इंटरनेटवरच्या पाककृती इथे थेट कृत्रिम रंगाकडे वळतात. सातारा-सांगलीच्या घरात मात्र भाकरीसोबत कारळ्याची चटणी असते, काही जण तिला खुरासणीची चटणी म्हणतात. कारळे मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, थंड करा, लसूण, मीठ आणि थोडे लाल तिखट घालून भरड वाटा. मुलांसाठी करताना तिखट निम्मे करा. रंग आणखी गडद हवा असेल तर मूठभर काळे तीळ भाजून घाला.

या चटणीची ‘माती’ करता येते, आणि या यादीतला हा सगळ्यात सोपा व सगळ्यात हमखास चालणारा पदार्थ आहे. दोन वाट्या दही फडक्यात तीन-चार तास टांगून चक्का करा. त्यात मीठ आणि जिरेपूड घाला. खोलगट काचेच्या भांड्यात चक्क्याचा दोन बोटे थर द्या आणि वर कारळ्याची चटणी पसरा. झाली कृष्णाकाठची काळी जमीन. आता त्यात गाजरे, कोवळे मुळे आणि काकडीच्या उभ्या फोडी अर्ध्या गाडून उभ्या करा. महाबळेश्वर-पाचगणीकडची गाजरे पाल्यासह मिळाली तर बहारच.

मुलांनी गाजर ‘उपटायचे’, मातीसकट खायचे. ज्याला कच्चे गाजर ताटात चालत नाही, त्यालाही ते उपटून खायला आवडते. एखादा चेहरा काढायचा असेल तर सांगलीचे बेदाणे डोळ्यांच्या कामी येतात.

हिरवा आणि लाल : रंग का बिघडतो?

पालकाची हिरवी इडली किंवा डोसा करायला गेले की बऱ्याचदा शेवाळी रंग येतो. पालकातले हरितद्रव्य फार वेळ शिजवल्याने आणि आंबटपणाने बदलते. उपाय सोपा आहे. पाणी उकळले की पालक टाका, झाकण न ठेवता एक-दोन मिनिटे ठेवा, लगेच थंड पाण्यात काढा आणि मग वाटा. ही प्युरी इडलीच्या पिठात अगदी शेवटी मिसळा. लिंबू पिळायचेच असेल तर खाताना पिळा. त्यातले क जीवनसत्त्व पालेभाजीतले लोह शोषायला मदत करते, म्हणून ते वगळू मात्र नका.

बिटाचे उलटे. त्याला आंबट आवडते. लिंबू किंवा दही घातले की लाल-गुलाबी रंग टिकतो, खूप उकळले की तपकिरी पडतो. म्हणून बीट वाफवून किसा आणि दह्यात घालून कोशिंबीर करा. ‘रक्त’ हवे असेल तर तेच बीट वाटून चटणीसारखे वापरा.

हळदीचे ‘रक्त’ आणि साताऱ्याचे दाभोलकर

लाल रंगाचा आणखी एक खेळ आहे, तो खाण्यापेक्षा बघण्याचा. सांगलीची हळद देशभर जाते, तिला भौगोलिक मानांकनही आहे. पेलाभर पाण्यात पाव चमचा हळद ढवळा आणि चिमूटभर खायचा सोडा टाका. पिवळे पाणी डोळ्यांदेखत तांबडे होते. वर लिंबू पिळले की फेस येतो आणि पाणी पुन्हा पिवळे. हळदीतले कुर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थात लाल होते, आम्लात पिवळे राहते. ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही की लाल ठिपके पडतात, ते याच कारणाने. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यामागेही हेच आहे.

हीच युक्ती भोंदूबाबा वापरत आले आहेत. ‘करणी उतरली, बघा रक्त निघाले’ असे सांगून हळदीच्या पाण्यात चुना टाकला जातो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावच्या शाळांत चमत्कारांचे प्रयोग करून दाखवतात, त्यात हा प्रयोग हमखास असतो. त्या चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४५ चा, म्हणजे हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशीचा. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला.

या जिल्ह्यांत ‘भुतांची पार्टी’ करायची, तर हा संदर्भ टाळून चालणार नाही. भुते खरी नसतात हे मुलांना आधीच ठाऊक असेल, तर मुखवटे घालण्यात गंमत आहे. नसेल, तर हळदीचा पेला जेवणाआधी त्यांच्याच हाताने करवून घ्यावा. एकदा लिंबाने ‘रक्त’ पुसून टाकले की चौकातल्या लिंबाची भीती बरीच कमी होते. हे पाणी प्यायचे नाही, एवढे बजावून ठेवा.

पट्टेरी वाघ मिरचीच्या पोटात

सातारा जिल्ह्यात, विशेषतः कोरेगावकडे, पिकणारा वाघ्या घेवडा नावापासूनच या पंगतीत शोभतो. फिकट दाण्यावर लालसर पट्टे, म्हणून वाघ्या. यालाही भौगोलिक मानांकन आहे. शिजल्यावर पट्टे जवळजवळ दिसेनासे होतात, त्यामुळे भिजवण्याआधीच दाणे मुलांना दाखवा.

रात्रभर भिजवा, ते पाणी ओता आणि कुकरमध्ये अगदी मऊ शिजवा. यात घाई नको. राजमा वर्गातले दाणे अर्धवट शिजले तर त्यांतल्या लेक्टिनमुळे उलट्या-जुलाब होऊ शकतात. कांदा, टोमॅटो आणि थोडा गोडा मसाला घालून घट्ट उसळ करा.

ढोबळी मिरचीचा देठाकडचा भाग टोपीसारखा कापा, बिया काढा आणि छोट्या सुरीने डोळे-तोंड कोरा. मोठा भोपळा कोरणे ताकदीचे आणि धोक्याचे काम आहे, मिरची मात्र दहा-बारा वर्षांचे मूल मोठ्यांच्या देखरेखीखाली कोरू शकते. आत उसळ भरा, टोपी ठेवा आणि तेल लावलेल्या कढईत झाकून सात-आठ मिनिटे वाफवा. डोळ्यांतून घेवडा डोकावतो.

‘हेल्दी’ म्हणजे नेमके किती?

इथे थोडा हिशेब करायला हवा. शाळेतल्या प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेच्या निकषानुसार एका जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाला ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. आपल्या घारग्यांत एक वाटी, म्हणजे साधारण १०० ग्रॅम भोपळा आहे. त्याचे बारा घारगे झाले, तर एकात जेमतेम आठ ग्रॅम. पन्नास ग्रॅमसाठी सहा घारगे खावे लागतील आणि घातलेला निम्मा गूळही पोटात जाईल.

म्हणजे घारगा हा गोडाचा पदार्थ आहे, भाजी नव्हे. नावात भोपळा आहे म्हणून तो पौष्टिक ठरत नाही. हेच पालक इडलीलाही लागू आहे, दोन चमचे प्युरीने पिठाला रंग येतो, भाजीची भरपाई होत नाही. मातीतले एक मध्यम गाजर मात्र एकट्याने ५० ग्रॅमच्या आसपास जाते. भरलेल्या मिरचीचेही तसेच. पंगतीत या दोन गोष्टी पुढे ठेवा, घारगे शेवटी.

हा हिशेब किती गरजेचा आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतून दिसते. महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा असावा, असे म्हटले आहे. एका पार्टीने यात फरक पडणार नाही, हे उघड आहे. नकोशी भाजी मुलाच्या ताटात आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही यावी लागते, मग कुठे ती ओळखीची होते. त्यातली एक वेळ हसत-खेळत गेली, इतकाच हॅलोविनचा उपयोग. पुढच्या आठवड्यात तीच मिरची बिनतोंडाची असली तरी चालते का, ते बघायला हवे.

करण्याआधी हे वाचा

चार वर्षांखालच्या मुलांना कच्चे गाजर, अख्खे शेंगदाणे आणि अख्खे बेदाणे देऊ नका, घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी गाजर वाफवून उभे पातळ काप करा. दह्याची माती खायच्या अर्धा तास आधीच रचा, नाहीतर चटणी ओली होते.

आणि भोपळा खरोखरच कोरून दिवा लावणार असाल, तर आतला गर आधी काढून घ्या. रात्रभर दिव्याची काजळी आणि उष्णता खाल्लेला भोपळा दुसऱ्या दिवशी भाजीला वापरू नका. कोरण्याआधी काढलेला गर घारग्यांना जाईल. बिया धुऊन दिवसभर सावलीत वाळवा, मीठ आणि किंचित हळद लावून मंद तव्यावर भाजा. दुसऱ्या दिवशी डब्यातल्या भडंगात त्या छान लागतात.