कॅमेऱ्याबरोबर मिळणारें भिंग

दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून विल्यमसन कॅमेरा मिळविला व पुढल्याच वर्षीं आपलें काम नाशिकास हलविलें. त्या काळीं दृश्य जवळचें दिसावें असें वाटल्यास कॅमेराच उचलून पुढें न्यावा लागे, नाहीं तर भिंग बदलावें लागे. आज नव्या कॅमेऱ्याबरोबर थोड्याशा जादा पैशांत येणाऱ्या १८ ते ५५ मिलिमीटरच्या झूम भिंगाची कडी फिरविली कीं तें काम होतें. तें स्वस्त म्हणून टाकाऊ, असा शेरा सहज ऐकूं येतो, आणि कांहीं कुटुंबें त्या शेऱ्यापायीं कॅमेऱ्याइतकीच रक्कम दुसऱ्या भिंगांत घालतात.

या स्वस्ताईची भरपाई मुख्यतः उजेडांत करावी लागते. ५५ मिलिमीटरवर या भिंगाचें छिद्र फार तर एफ ५.६ इतकें, म्हणजे व्यासानें सुमारें १० मिलिमीटर उघडतें. ५० मिलिमीटरच्या एफ १.८ भिंगाचें छिद्र २८ मिलिमीटरच्या घरांत जातें आणि तें जवळजवळ दसपट प्रकाश देतें. रामकुंडावरील सायंकाळच्या आरतीचें जें चित्र हें दुसरें भिंग १/१०० सेकंदांत टिपतें, त्यास पहिल्याला १/१० सेकंद लागतो. तेवढ्यांत ओंवाळणारा हात पुसट होतो. भिंगांतील कंपरोधक योजना छायाचित्रकाराचा हात सांवरते, पुजाऱ्याचा नव्हे! संवेदनक्षमता वाढवून वेळ कमी करितां येतो खरा, पण मग चित्रावर वाळू सांडल्यासारखे कण उमटतात.

पांडवलेण्यांत गोष्ट उलट. नहपान-गौतमीपुत्रांच्या काळचे शिलालेख हलत नाहींत. कॅमेरा स्थिर टेंकवून, छिद्र एफ ८ वर आणून ते टिपले, तर सामान्य आकाराच्या छापील चित्रांत महागड्या भिंगाचा फरक ओळखणें कठीण. काळाराम मंदिर १८ वर टिपतांना कडेचे खांब बाहेर फुगल्यासारखे दिसतात. कडी ३० च्या आसपास आणून मागें सरलें कीं हा दोष बहुतांशीं जातो. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांसाठीं मात्र हें भिंग नव्हेच. ३०० मिलिमीटरच्या भिंगांत पक्षी सुमारें साडेपांचपट मोठा उमटतो. ती उणीव कौशल्यानें भरत नाहीं.

वापरलेलें भिंग घेतांना वर्तमानपत्राचें पान भिंतीस सपाट लावून, कॅमेरा समांतर धरून चित्र घ्यावें. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो या जातीचा स्वभाव. एकच कोपरा पुसट असेल तर आंतील कांच कललेली असण्याचा संभव आहे, आणि असें भिंग कितीहि स्वस्त मिळालें तरी महागच. नंतर विजेरीचा झोत टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसल्यास ती बुरशी. पावसाळ्यांत चामड्याच्या पिशवींत कोंडलेल्या भिंगास ती लौकर धरते.

नवें भिंग घेण्यापूर्वीं घरांतील गेल्या वर्षाचीं चित्रें काढून पाहावीं. बिघडलेलीं बहुतेक दिवेलागणीचीं व घरांतलीं निघालीं, तर ५० मिलिमीटरचें एक साधें भिंग पुरे. पक्ष्यांचीं निघालीं, तर लांब पल्ल्याचें घ्यावें. फारशीं बिघडलेलीं निघालींच नाहींत, तर पैसे पेटींत राहूं द्यावे.